शुद्ध, पण कशापासून? एचएसपी-७० आणि ०.२ नॅनोग्रॅमचं प्रकरण

एका मायक्रोग्रॅम प्रथिनामागे ०.२ नॅनोग्रॅम भेसळ. हिशेब केला तर पाच हजार भागांत एक भाग. म्हणजे प्रथिन ९९.९८ टक्के शुद्ध. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर एकच ठळक पट्टा, आजूबाजूला डाग नाही. असं प्रथिन हाती आलं तर कुणीही त्यावर विश्वास ठेवील. १९९९ ते २००२ या काळात नावाजलेल्या प्रयोगशाळांनी तो ठेवला, आणि त्यातून रोगप्रतिकारशास्त्रात एक मोठी कल्पना मूळ धरू लागली: आपल्याच पेशींमधली हीट शॉक प्रथिनं (एचएसपी, म्हणजे ताणात इतर प्रथिनांना सांभाळणारी प्रथिनं) पेशीबाहेर सांडली की ती शरीराला 'धोका आहे' असं सांगतात. २००३ मध्ये ती ०.२ नॅनोग्रॅमची भेसळ मोजली गेली आणि या कल्पनेचा निदान एक मोठा खांब निखळला.

मी हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण उंदराच्या पेशींवर रिकॉम्बिनंट प्रथिनं घालून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर ते आजही घडू शकतं. कुपीवर 'शुद्धता ९५ टक्क्यांहून अधिक' असं छापलेलं असतं. ते खरंही असतं. फक्त ते कशाबद्दल खरं आहे, हे आपण विचारत नाही.

प्रथिन येतं कुठून

रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणजे एका जीवाचं जनुक दुसऱ्या जीवात घालून बनवून घेतलेलं प्रथिन. उंदराच्या पेशीतून एखाद्या प्रथिनाचा संदेश घ्यायचा, त्याची डीएनए प्रत प्लास्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यात, बसवायची, प्लास्मिड ई. कोलाय बॅक्टेरियात सोडायचं. बॅक्टेरिया रात्रभर वाढतात आणि आपल्याला हवं ते प्रथिन भरभरून बनवतात. मग त्यांना फोडायचं आणि तो सगळा रस निकेलच्या स्तंभातून सोडायचा. आपल्या प्रथिनाच्या टोकाला सहा हिस्टिडिनची शेपटी जोडलेली असते, ती निकेलला चिकटते. बाकीचं वाहून जातं. शेवटी इमिडॅझोल घालून आपलं प्रथिन उतरवून घ्यायचं. स्वस्त, जलद, हमखास.

उंदराचंच प्रथिन का, हा प्रश्न नवे विद्यार्थी नेहमी विचारतात. माणसाचं जीएम-सीएसएफ (रक्तपेशी वाढवणारं संदेशवाहक प्रथिन) उंदराच्या पेशीला ओळखता येत नाही आणि उंदराचं माणसाच्या पेशीला. आयएल-४ आणि इंटरफेरॉन-गॅमा या दुसऱ्या संदेशवाहक प्रथिनांची गोष्ट तीच. उलट माणसाचं आयएल-२ उंदराच्या टी पेशींवर छान काम करतं. एम-सीएसएफचं तर एकतर्फी आहे: माणसाचं उंदरावर चालतं, उंदराचं माणसावर चालत नाही. म्हणून उंदराच्या अस्थिमज्जेतून डेंड्रायटिक पेशी (परके रेणू टी पेशींना दाखवणाऱ्या) वाढवायच्या तर उंदराचंच जीएम-सीएसएफ लागतं. हीट शॉक प्रथिनांची गोष्ट वेगळी. बॅक्टेरियापासून माणसापर्यंत ती इतकी सारखी राहिली आहेत की माणसाचं एचएसपी-७० उंदराच्या मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर) घातलं तर कुणाला खटकलं नाही. आपल्या प्रकरणातलं प्रथिन माणसाचं, पेशी उंदराच्या आणि कारखाना ई. कोलायचा, असा तिहेरी मेळ आहे.

मेळातला तिसरा सभासद सगळ्यात महत्त्वाचा. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणाचा मोठा भाग लायपोपॉलिसॅकराइडचा, म्हणजे एलपीएसचा बनलेला असतो. एका बॅक्टेरियावर या रेणूंची संख्या दहा लाखांच्या घरात. बॅक्टेरिया फोडले की हे सगळं रसात उतरतं. यालाच एंडोटॉक्सिन म्हणतात. हे नाव १८९२ च्या सुमारास बर्लिनमध्ये कॉलऱ्यावर काम करणाऱ्या रिचर्ड फायफरने दिलं. हाच फायफर १८९७ मध्ये प्लेगचा अभ्यास करायला आलेल्या जर्मन पथकाबरोबर मुंबईत होता, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मॅक्रोफेजला एलपीएसची चाहूल लागायला फार काही लागत नाही. एका मिलिलिटरमध्ये एक नॅनोग्रॅमहून कमी असलं तरी उंदराचे मॅक्रोफेज टीएनएफ, म्हणजे दाह पेटवणारं संदेशवाहक प्रथिन, सोडू लागतात. कुमासीच्या रंगाने रंगवलेल्या जेलवर मात्र एलपीएस दिसतच नाही, कारण तो रंग प्रथिनाला धरतो आणि एलपीएस हे चरबी आणि शर्करेचं बनलेलं आहे. ज्याला पेशी सर्वांत आधी ओळखते, त्यालाच आपली शुद्धतेची तपासणी पाहू शकत नाही. या प्रकरणाची सगळी गाठ इथे आहे.

कल्पना का पटली

१९९४ मध्ये पॉली मॅट्झिंगर यांनी मांडलं की प्रतिकारशक्ती केवळ 'आपलं' आणि 'परकं' एवढंच पाहत नाही, ती 'धोका' पाहते. पेशी फुटली, भाजली, उपासमारीने मेली की तिच्यातून काहीतरी बाहेर पडत असलं पाहिजे, जे आसपासच्या पेशींना जागं करतं. ही मांडणी लोकांना भावली आणि ते 'काहीतरी' कोण, याचा शोध सुरू झाला.

त्याच सुमारास टोल रिसेप्टरचं (टीएलआर, म्हणजे जंतूंचे रेणू ओळखणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनांचं) दार उघडलं. १९९७ मध्ये मेड्झिटोव्ह आणि जेनवे यांनी माशीच्या टोलसारखं माणसातलं प्रथिन दाखवलं. १९९८ मध्ये डॅलसमधल्या ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने एक जुनं कोडं सोडवलं. सी३एच/एचईजे नावाच्या उंदरांवर एलपीएसचा जवळजवळ परिणाम होत नाही, हे १९६० च्या दशकापासून माहीत होतं. कारण मात्र सापडत नव्हतं. त्यांना सापडलं ते असं: या उंदरांच्या टीएलआर-४ प्रथिनात ७१२ व्या जागी प्रोलिनऐवजी हिस्टिडिन आहे. एका अमिनो आम्लाच्या बदलाने हे उंदीर एलपीएसला बहिरे झाले. म्हणजे एलपीएस ऐकणारा कान टीएलआर-४ हाच. या कामासाठी बॉयटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं. सी३एच/एचईजे हे त्या दिवसापासून टीएलआर-४ तपासायचं सर्वांत सोपं साधन झालं.

आता या दोन गोष्टी जोडून पाहा. धोक्याचा संदेश देणारा रेणू हवा आहे, आणि तो ऐकणारा रिसेप्टर नुकताच हाती लागला आहे. १९९९ मध्ये माणसाचं एचएसपी-६० मॅक्रोफेजमधून टीएनएफ बाहेर काढतं असं प्रसिद्ध झालं. २००० मध्ये एचएसपी-६० हा टीएलआर-४ चा शरीरातलाच जोडीदार असावा असं पुढे आलं. पुरावा असा की सी३एच/एचईजे उंदरांचे मॅक्रोफेज त्याला दाद देत नाहीत. त्याच वर्षी एचएसपी-७० सीडी१४ या पेशीवरच्या रेणूच्या मार्गाने सायटोकाइन, म्हणजे टीएनएफसारखी संदेशवाहक प्रथिनं, काढतं हे दाखवलं गेलं. २००२ मध्ये एचएसपी-७० चं नातं टीएलआर-२ आणि टीएलआर-४ या दोन्हींशी जोडलं गेलं. चार वर्षांत हे सगळं इतकं नीट जुळत गेलं की शंका घेणाऱ्याचाच तोल गेल्यासारखा वाटावा.

सीडी१४ आणि टीएलआर-४. एलपीएस ज्या दोन रेणूंनी ओळखलं जातं, नेमके तेच दोन. मला आज हे वाचताना पहिला थांबा इथेच घ्यावासा वाटतो. नव्या पाहुण्याने जुन्या पाहुण्याच्याच दारावर, त्याच किल्लीने प्रवेश केला तर आपण विचारायला हवं की पाहुणा खरंच नवा आहे का. पण हे मागून सुचतं. तेव्हाच्या लोकांनी हा प्रश्न विचारला नव्हता असं नाही. त्यांनी विचारला होता आणि त्याला उत्तरही शोधलं होतं. चूक उत्तरात होती.

ज्या कंट्रोलवर भरवसा होता

एंडोटॉक्सिनची शंका दूर करायला या कामांत मुख्यतः दोन कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे प्रयोग, ठेवले जात. दोन्ही पाठ्यपुस्तकी, दोन्ही समंजस. पहिला, उकळण्याचा. प्रथिन उकळलं की त्याची घडी मोडते, काम थांबतं. एलपीएस मात्र उष्णतेला दाद देत नाही. काचेच्या भांड्यावरचं एंडोटॉक्सिन मारायचं तर २५० अंशांवर कोरड्या भट्टीत अर्धा तास ठेवावं लागतं, साध्या ऑटोक्लेव्हवर भरवसा ठेवता येत नाही. मग प्रथिन उकळून पाहा. परिणाम गेला तर तो प्रथिनाचा होता, राहिला तर एलपीएसचा. एचएसपीचा परिणाम उकळल्यावर गेला. एलपीएसचा राहिला. निकाल प्रथिनाच्या बाजूने.

दुसरा कंट्रोल पॉलिमिक्सिन बी. हे धनभारित प्रतिजैविक एलपीएसच्या लिपिड ए भागाला घट्ट धरतं आणि त्याचं तोंड बंद करतं. काही प्रयोगांत पॉलिमिक्सिनने एलपीएसचा परिणाम थांबला, एचएसपीचा थांबला नाही. पुन्हा निकाल प्रथिनाच्या बाजूने.

या दोन्ही कंट्रोलमध्ये एक छुपी तुलना आहे, आणि ती असमान आहे. एलपीएसचा कंट्रोल म्हणून जे घातलं जातं ते बहुतेक वेळा भरपूर असतं: दहा, शंभर, कधी हजार नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. इतक्या मात्रेला मॅक्रोफेज आधीच कमाल आवाजात ओरडत असतो. शंभरातले नव्वद भाग उकळून नष्ट झाले तरी उरलेले दहा त्याला पुरतात, आणि टीएनएफ मोजणाऱ्या एलायझा चाचणीवर आकडा जिथल्या तिथे राहतो. आपण म्हणतो, 'पाहा, एलपीएस उष्णतेला जुमानत नाही.' प्रथिनातली भेसळ मात्र मात्रा आणि परिणाम यांच्या वक्राच्या उतारावर असते, जिथे थोडी घट झाली तरी आकडा कोसळतो. हत्तीच्या पाठीवरची दोन पोती काढली तर हत्तीला कळत नाही. बैलाच्या पाठीवरची तीच दोन पोती काढली तर बैल वेगळा चालतो. आपण हत्तीची तुलना बैलाशी करत होतो.

सी३एच/एचईजे उंदरांच्या पुराव्यातही हीच अडचण होती, फक्त अधिक उघडपणे. त्यांचे मॅक्रोफेज दाद देत नाहीत म्हणजे संदेश टीएलआर-४ मधून जातो, एवढंच सिद्ध होतं. संदेश देणारा कोण, याबद्दल तो प्रयोग काही बोलत नाही. एचएसपी टीएलआर-४ ला धरत असेल तरी हेच दिसेल आणि एचएसपीबरोबर एलपीएस आलेलं असेल तरी हेच दिसेल. दोन्ही शक्यतांना सारखंच उत्तर देणारा प्रयोग त्या दोघांत निवाडा करू शकत नाही.

२००३

वॉशिंग्टनमधल्या व्हेटरन्स अफेअर्सच्या वैद्यकीय केंद्रात बाओचोंग गाओ आणि मिन-फू त्सान यांनी सरळ वाट धरली. त्यांनी तेच प्रथिन, माणसाचं रिकॉम्बिनंट एचएसपी-७०, दोन वेगवेगळ्या शुद्धतेचं घेतलं आणि दोन्हीतलं एंडोटॉक्सिन मोजलं. मग ती दोन्ही आरएडब्ल्यू २६४.७ या मॅक्रोफेजसारख्या पेशींवर घातली. या पेशी बाल्ब/सी उंदरातल्या एका गाठीतून आलेल्या आहेत. आपल्याकडेही त्या घरोघरच्या ओळखीच्या. भारतातल्या कित्येक शोधनिबंधांच्या पद्धतींच्या भागात 'पेशी एनसीसीएस, पुणे (पेशींचा राष्ट्रीय साठा ठेवणारी संस्था) इथून आणल्या' हे वाक्य या पेशींच्या नावापुढे येतं.

अत्यंत शुद्ध, एंडोटॉक्सिन नगण्य असलेल्या एचएसपी-७० ने ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंतही टीएनएफ काढलं नाही. कमी शुद्ध प्रथिन, ज्यात प्रति मायक्रोग्रॅम ०.२ नॅनोग्रॅम एलपीएस होतं, त्याने १ मायक्रोग्रॅमला टीएनएफ काढलं. किती? नुसतं ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एलपीएस घातलं तर जितकं निघतं, तितकंच. मला या सगळ्या प्रकरणात हा आकडा सर्वांत सुंदर वाटतो. प्रथिनाच्या वाट्याला काहीच उरत नाही. परिणामाचा पूर्ण हिशेब भेसळीने चुकता होतो.

मग त्यांनी उकळण्याचा कंट्रोल पुन्हा केला, पण एलपीएसची मात्रा भेसळीइतकीच ठेवून. तेव्हा शुद्ध एलपीएसचीही क्षमता उकळल्यावर एचएसपीसारखीच खाली आली. 'उष्णतेने जातो म्हणजे प्रथिन' हा निकष तिथेच मोडला. पॉलिमिक्सिनने भेसळ काढून टाकली तर कमी शुद्ध प्रथिनाचा परिणामही जवळजवळ सगळा गेला. एचएसपी-६० वर केलेल्या त्यांच्या दुसऱ्या कामातही मॅक्रोफेजमधून टीएनएफ निघण्याला एलपीएस आणि एलपीएसशी निगडित रेणूच जबाबदार ठरले. ही शंका मांडणारे ते एकटे नव्हते. २००२ मध्ये दुसऱ्या एका गटाने एंडोटॉक्सिनमुक्त एचएसपी-७० डेंड्रायटिक पेशींना जागं करत नाही असं दाखवलं होतं, आणि २००३ मध्ये जीपी९६ या एचएसपी-९० कुळातल्या प्रथिनाबद्दलही भेसळीचाच प्रश्न उघड झाला. जीपी९६ च्या बाबतीत तर ते ऊतकातून वेगळं केलेलं प्रथिन होतं. म्हणजे बॅक्टेरियाचा कारखाना न वापरताही बफर, पाणी आणि काचेतून एंडोटॉक्सिन शिरू शकतं.

हीट शॉक प्रथिनांत हे वारंवार का झालं, याला त्यांचा स्वभावही कारण असावा असं मला वाटतं. ही प्रथिनं सांभाळणारी आहेत. त्यांचं कामच मुळी दुसऱ्या रेणूंचे तेलकट, उघडे पडलेले भाग धरून ठेवणं. एलपीएसचा लिपिड ए भाग तेलकट असतो. चिकटणं ही ज्यांची नोकरी त्यांना असा सोबती चिकटला तर नवल नाही. शिवाय ई. कोलायकडे स्वतःचं एचएसपी-७० असतं, डीएनएके नावाचं, आणि निकेलच्या स्तंभावरून उतरवलेल्या रिकॉम्बिनंट प्रथिनाबरोबर ते येणं ही रोजची डोकेदुखी आहे. माणसाचं एचएसपी-७० आणि डीएनएके यांचा आकार इतका जवळ की जेलवर दोघांचे पट्टे एकमेकांत लपतात.

मला त्या आधीच्या संशोधकांना दोष द्यावासा वाटत नाही. कंट्रोल त्यांनी टाळले नव्हते, ठेवले होते, आणि कंट्रोलने प्रामाणिकपणे उत्तर दिलं होतं. प्रश्न मात्रेचा होता, आणि मात्रा जुळवायची हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. शिवाय एचएसपीबद्दलचे सगळेच दावे यात वाहून गेले नाहीत. पेशीबाहेरचं एचएसपी पेप्टाइड बरोबर घेऊन जाऊन डेंड्रायटिक पेशीकडे सुपूर्द करतं आणि ते टी पेशींना दाखवलं जातं, हा वेगळा दावा आहे. त्याला सायटोकाइनचा आधार लागत नाही. त्याचं मोजमाप वेगळं, त्याची भेसळही वेगळी. त्याला २००३ च्या कामाने हात लावलेला नाही.

कुपीवरचा आकडा आणि डिशमधला आकडा

आता आजच्या टेबलावर येऊ. उंदराचं रिकॉम्बिनंट प्रथिन विकत घेतलं की सोबत विश्लेषणाचा कागद येतो, ज्याला आपण सगळे सीओए म्हणतो. त्यावर प्रथिन कुठल्या जीवात बनवलं, शेपटी आहे की नाही, वाहक म्हणून अल्ब्युमिन घातलंय का, आणि एंडोटॉक्सिन किती, हे असतं. एंडोटॉक्सिनच्या रकान्यात बहुधा 'प्रति मायक्रोग्रॅम १ ईयूपेक्षा कमी' (ईयू हे एंडोटॉक्सिन मोजायचं एकक) किंवा 'प्रति मायक्रोग्रॅम ०.१ नॅनोग्रॅमपेक्षा कमी' असं छापलेलं असतं. दोन्ही जवळजवळ एकच, ई. कोलायच्या एलपीएससाठी १ ईयू म्हणजे साधारण ०.१ नॅनोग्रॅम धरतात. हा आकडा फार शुद्ध वाटतो. पण तो त्या प्रसिद्ध ०.२ नॅनोग्रॅमच्या फक्त निम्मा आहे. एका सबंध वादाला कारण झालेलं प्रथिन आणि आजची नेहमीची कुपी यांत दुपटीचाच फरक असू शकतो.

मग रोज हजारो प्रयोग बिघडत का नाहीत? मात्रेमुळे. अस्थिमज्जेच्या पेशींना जीएम-सीएसएफ आपण २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर देतो. म्हणजे ०.०२ मायक्रोग्रॅम. १ ईयू प्रति मायक्रोग्रॅम धरलं तर डिशमध्ये ०.०२ ईयू प्रति मिलिलिटर, साधारण २ पिकोग्रॅम एलपीएस. त्याची उंदराच्या पेशीला सहसा पर्वा नसते. पण तीच छापील मर्यादा असलेलं एखादं एस१०० कुळातलं प्रथिन किंवा एचएसपी ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरने घातलं, तर डिशमध्ये ५ ईयू, म्हणजे अर्धा नॅनोग्रॅम एलपीएस पडतं. मॅक्रोफेजला जागं करायला ते भरपूर झालं. कागद तोच, रकाना तोच, आकडा तोच. सायटोकाइनसारखी नॅनोग्रॅममध्ये वापरायची प्रथिनं त्या मर्यादेत सुखरूप असतात आणि मायक्रोग्रॅममध्ये वापरायची प्रथिनं नसतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी सीओएच्या शेजारी पेन्सिलने हा गुणाकार लिहायला लावते. डिशमधला आकडा, कुपीतला नव्हे.

मोजमापाचं साधन एलएएल चाचणी. ही हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्तातल्या पेशींवर आधारलेली आहे. या प्राण्याच्या रक्ताला ऑक्सिजन वाहायला लोहाऐवजी तांबं लागतं म्हणून ते निळं. फ्रेडरिक बँग आणि जॅक लेविन यांच्या १९५० आणि १९६० च्या दशकातल्या कामातून ती आली. या कुळातली एक जात, कार्सिनोस्कॉर्पियस, आपल्या ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर आढळते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात डिंग आणि हो यांनी त्याच जातीचं फॅक्टर सी हे प्रथिन रिकॉम्बिनंट रूपात बनवलं, आणि आता प्राण्याचं रक्त न काढता ही चाचणी करता येते. रिकॉम्बिनंट प्रथिनाची भेसळ शोधायला दुसरं रिकॉम्बिनंट प्रथिन, हे मला फार समाधान देतं. चाचणीच्याही खोडी आहेत. बुरशीच्या बीटा-ग्लुकानने जुनी एलएएल फसते, आणि काही प्रथिनं एलपीएसला इतकं झाकून टाकतात की चाचणी शून्य दाखवते. म्हणून नमुन्यात मुद्दाम मोजून एलपीएस घालून ते परत दिसतं का, हे पाहावं लागतं. हे न करता आलेला 'शून्य' मी शून्य मानत नाही.

या वाटेने मी स्वतः गेले आहे. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही उंदराचं एक छोटं प्रथिन ई. कोलायमध्ये बनवलं होतं. जेल सुरेख होती. अस्थिमज्जेच्या मॅक्रोफेजवर २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला टीएनएफ भरपूर निघालं, आयएल-६ ही निघालं. त्या आठवड्यात सगळे खूश होते आणि मी तर सर्वांत जास्त. मग स्तंभावर प्रथिन चिकटलेलं असतानाच आम्ही ट्रायटन एक्स-११४ ने थंड अवस्थेत दीर्घ धुलाई केली. हा डिटर्जंट थंडीत पाण्यात विरघळतो आणि खोलीच्या तापमानाच्या आसपास वेगळा होतो; एलपीएसला तो आपल्याबरोबर घेऊन जातो. धुतलेलं प्रथिन पुन्हा घातलं. टीएनएफ गेलं. तीन महिन्यांची नोंदवही तशीच बंद करावी लागली. पीएच.डी. करणाऱ्या मुलीला हे सांगताना मला वाईट वाटलं. तिने मात्र न सांगता दुसऱ्या दिवशी रिकाम्या प्लास्मिडचे बॅक्टेरिया वाढवायला घेतले. तेच बफर, तोच स्तंभ, तेवढाच रस, फक्त आतमध्ये आपलं जनुक नाही. त्यातून उतरलेल्या द्रवाचा परिणाम आम्ही पाहिला आणि मग सगळं कळलं. हा कंट्रोल आम्ही पहिल्याच दिवशी ठेवायला हवा होता.

एंडोटॉक्सिन नीट काढलं तरी कहाणी पूर्ण होत नाही, आणि इथे उंदराच्या कामाची एक खास अडचण येते. बॅक्टेरियाचे लायपोप्रोटीन टीएलआर-२ मधून जातात. पॉलिमिक्सिन त्यांना धरत नाही, आणि सी३एच/एचईजे उंदरांचा टीएलआर-२ ठणठणीत असतो. म्हणून या दोन कंट्रोलमध्ये निर्दोष ठरलेलं प्रथिनही लायपोप्रोटीनमुळे बोलू शकतं. दुसरं, एलपीएस नीट तयार होऊ नये असे बदल केलेले ई. कोलाय आता मिळतात. त्यांच्या आवरणात पूर्ण एलपीएसऐवजी लिपिड फोर-ए नावाचा अर्धवट रेणू असतो. माणसाच्या टीएलआर-४ ला तो जागं करत नाही, उलट अडवतो. उंदराच्या टीएलआर-४ ला मात्र तो जागं करतो. 'एंडोटॉक्सिनमुक्त बॅक्टेरियात बनवलेलं' हे माणसाच्या पेशींसाठी काम करणाऱ्याला दिलासा देणारं वाक्य उंदराच्या पेशींसाठी काम करणाऱ्याला तसंच्या तसं लागू पडत नाही. शुद्ध कोणासाठी, हाही प्रश्न आहे.

यावर सोपा उपाय म्हणून लोक एचईके-२९३ किंवा सीएचओसारख्या सस्तन पेशींत बनवलेलं प्रथिन सुचवतात. महाग असलं तरी ते मला पटतं. बॅक्टेरियाचा संपर्क नाही, आणि उंदराच्या प्रथिनावर शर्करेच्या साखळ्याही बसतात. पण बदल एकच गोष्ट करत नाही. शर्करा आली, घडी कदाचित वेगळी झाली, शेपटी बदलली. आणि परिणाम गेला तर तो भेसळ गेली म्हणून की शर्करा आली म्हणून, हे पुन्हा उघडून पाहावं लागतं.

त्या छोट्या प्रथिनाचं आमचं काम अजून संपलेलं नाही. टीएनएफ गेलं, पण मॅक्रोफेजची हालचाल थोडी वाढते, आणि हा परिणाम ट्रायटनच्या धुलाईनंतरही टिकला आहे. म्हणून सध्या माझ्या उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये त्या एकाच प्रथिनाचे तीन साठे आहेत: ई. कोलायमधलं धुतलेलं, एचईके पेशींमधलं, आणि एका अमिनो आम्लात बदल करून निष्क्रिय केलेलं, जे बाकी सगळ्या बाबतीत पहिल्यासारखंच बनवलं आहे. शेजारी रिकाम्या प्लास्मिडचा द्रव. प्रत्येक कुपीवर डिशमधलं ईयू पेन्सिलने लिहिलेलं आहे. पहिल्या दोन साठ्यांनी हालचाल वाढवली. निष्क्रिय केलेल्याची पाळी पुढच्या आठवड्यात आहे, आणि तोवर त्या मुलीने प्रबंधातलं ते प्रकरण रिकामं ठेवलं आहे.